त्यात जीव आहे का?

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे लग्न ठरवताना कुणी नीट सांगितलं असतं तर मी जरा जास्त विचार केला असता. तसं सांगितलं होतं, पण कौतुकानं. सन्मती चौगुले म्हणजे सांगलीच्या हळद पेठेतला प्रतवारी करणारा माणूस. सौद्याला आलेल्या मालातली हळदीची एक कांडी उचलायची, मोडायची, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्याचं काम. पेठेत रंग मोजायची यंत्रं केव्हाच आली होती, पण यंत्राचा आकडा आणि सन्मतीचा शब्द वेगळा पडला की व्यापारी सन्मतीचं ऐकायचे. माल ओळखीच्याचा असो की पाहुण्याचा, हा सरळ सांगणार, "भिजलेली आहे. पुन्हा वाळवून पॉलिश मारलंय." त्याचा सख्खा मामा या पायी आमच्याशी वर्षभर बोलत नव्हता.

घरात या सद्गुणाचा मला वैताग. नवी साडी कशी दिसते हे विचारायची सोय नाही. माझ्या आईनं केलेली कढी कशी झालीय हेही नाही. घरात मी त्याला अरे-तुरे करते आणि आमच्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर असल्या की अहो-जाहो. यातसुद्धा त्याला थोडा खोटेपणा वाटायचा. मी म्हणायचे, संसार चालवायला इतकं खोटं लागतंच.

मी त्रिशला. महावीरांच्या आईचं नाव माझ्या आईनं हौसेनं ठेवलं. त्या त्रिशलामातेला बाळाच्या वेळी सोळा शुभ स्वप्नं पडली होती. मला एकही पडलं नाही. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नोकरीला लागले तेव्हा दहावीच्या तीन तुकड्या होत्या. आता एकच आहे आणि तिच्यातही मागचे बाक रिकामे असतात. पोरं दुसऱ्या शाळेत गेली नाहीत, ती जन्मलीच नाहीत. लोकांना मूल नको झालं होतं. कुणाला घर परवडत नव्हतं, कुणाला उन्हाळ्यांची भीती वाटायची, आणि बऱ्याच जणींना कारण द्यायचीच गरज वाटत नव्हती. आम्हा दोघांना मात्र मूल हवं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोकांचा गैरसमज होतो.

जन्मदर घसरला तसं सरकार आधी गोड बोललं. सवलती दिल्या, जाहिराती केल्या. मग कोश आला आणि सरकारचा सूर बदलला.

कोश मी वर्गात असा समजावते. पोटात बाळ श्वास घेत नाही, जेवत नाही. नाळेतून त्याचं रक्त वारेकडे जातं. तिथं आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्न घेतं, घाण टाकतं आणि परत येतं. कोशात तेच सगळं पोटाबाहेर होतं. काचेच्या पेटीत पारदर्शक पिशवी, तिच्यात गर्भजलासारखं कोमट पाणी. बाळाची नाळ नळ्यांना जोडलेली, आणि नळ्या जातात एका डब्याकडे. त्या डब्यात पातळ पडद्यांचे थर असतात, ते वारेचं काम करतात. पंप नाही, कारण पंपाचा जोर कोवळ्या हृदयाला सोसत नाही. बाळाचं हृदय स्वतःच रक्त ढकलतं. चौथा महिना संपल्यावर शस्त्रक्रिया करून गर्भ कोशात ठेवता येतो. फरक एकच. खरी वार नऊ महिन्यांत म्हातारी होते, म्हणून बाळाला बाहेर यावंच लागतं. यंत्राची वार म्हातारी होत नाही, तिचे पडदे बदलता येतात.

शेवटचं वाक्य मी पूर्वी ओघात सांगून जायचे.

गर्भपाताच्या वादात एक बाजू म्हणायची, बाईचं शरीर बाईचं. दुसरी म्हणायची, पोटातला जीव त्याचा स्वतःचा. कोशानं हे भांडण मिटलं, असं सरकारनं जाहीर केलं. ज्या बाईला पोट वाढवायचं नाही तिनं कोशात द्यावं. संपवायचं मात्र नाही. संपवलं तर तो खून. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कायद्यात आणखी एक नियम होता, ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जे बाळ जन्मल्यावर जगणार नाही असं डॉक्टरांना दिसेल, ते जन्मूच द्यायचं नाही, आधीच कोशात हलवायचं.

*

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर इनामदार बाई बोलता बोलता गप्प झाल्या. मी विज्ञानाची मास्तरीण, पडद्यावरचं मलाही दिसत होतं. डोळ्यांच्या वर काहीच नव्हतं. कवटी नाही आणि तिच्या आत असायला हवा तो मोठा मेंदू नाही. मेंदूचा खालचा देठ तेवढा होता. हृदय चालू ठेवायला तो पुरतो, बाकी कशालाच पुरत नाही.

"बाहेर आलं तर काही तास जगेल," डॉक्टर म्हणाल्या. "फार तर एखादा दिवस."

"आणि कोशात?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "कोशात ते मरणार नाही, त्रिशलाताई. अडचण तीच आहे."

सन्मती माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझा हात धरला होता आणि तो इतका घट्ट धरला होता की माझी अंगठी बोटात रुतत होती. 

डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि आम्हाला सुटकेची वाट सांगितली. कायदा करताना वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांचं जीव कशाला म्हणायचं यावर एकमत होईना, तेव्हा एक अपवाद घातला होता. मेंदू कधीच काम करणार नसेल, आणि आई-वडील दोघांनीही मंडळापुढे शपथेवर सांगितलं की आम्ही यात जीव मानत नाही, तर कोशाची सक्ती नाही. दोघांपैकी एकानं जरी जीव मानला तरी सरकार त्याच्या श्रद्धेचा मान राखून कोश देणार.

"एकच प्रश्न विचारतील," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात जीव आहे का? दोघांनी नाही म्हणायचं. बाहेर यायचं. पुढचं मी बघते."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दुःखात माणूस आपल्याच विचारात असतो, आणि मी सन्मतीच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

*

मंडळात तिघं होते. मधल्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या, आवाज मऊ. वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि विचारलं. मी नाही म्हणाले. 

मग त्यांनी सन्मतीला विचारलं. "चौगुले, तुमच्या मते त्यात जीव आहे का?"

त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. हळदीच्या माणसाचे हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा पिवळ्याच राहतात.

"मॅडम," तो म्हणाला, "आम्ही पाणी गाळून पितो. त्या पाण्यात जीव आहे म्हणून. झाडात जीव आहे, मातीत आहे, असं मानतो. मला आईनं तसंच शिकवलंय. मग यात नाही, असं मी कसं म्हणू?"

मागे बसलेल्या डॉक्टर इनामदारांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे आदरानं बघितलं. खरंच आदरानं. त्या टेबलापुढं रोज लोक येऊन पाठ केल्यासारखं नाही म्हणून जात असणार, आणि आज एक माणूस खरं बोलला होता. लेखनिकानं ते उतरवून घेतलं आणि आमचं काम संपलं.

मी घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "एक शब्द, सन्मती. तुला एकच शब्द बोलायचा होता."

"तो खोटा होता गं."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुझ्यासाठी मी काहीही केलं असतं," तो म्हणाला, आणि मग, हा माणूसच असा, त्यानं स्वतःला दुरुस्त केलं. "नाही. हे नाही केलं मी तुझ्यासाठी. खरंय."

मी दार आपटून आत गेले.

*

शस्त्रक्रिया झाली. आमची मुलगी आहे हे मला कोशात बघितल्यावर कळलं. सोनोग्राफीत सांगणं गुन्हा, पण काचेतून दिसतंच की.

विभागीय कोश-केंद्र गावाबाहेर, माळावर. लांबट दालन, दोन्ही बाजूंना कोश, मंद लालसर उजेड. प्रत्येक कोशाला त्या त्या आईच्या छातीचे ठोके ऐकवतात. पोटात बाळ ते ऐकतच वाढतं, त्यानं वाढ चांगली होते असं सिद्ध झालंय. आमच्या मुलीला ऐकू येतं की नाही हे सांगायला तिच्या डोक्यात कुणी नव्हतं, पण नियम सगळ्यांना सारखा. माझ्याही ठोक्यांचं रेकॉर्डिंग घेतलं. दालनात शिरलं की पन्नास आयांची हृदयं एकदम ऐकू यायची आणि त्यातलं माझं मला ओळखता यायचं. ते जरा घाईत असतं.

नववा महिना झाला. इतर कोशांपुढे फुगे लागले, पेढे वाटले गेले, नाळा कापल्या गेल्या, रडणं ऐकू आलं. आमच्यापुढे डॉक्टर येऊन उभे राहिले. जन्म म्हणजे नाळ कापणं, आणि नाळ कापायला 'बाहेर जगेल' असा दाखला हवा. तो दाखला तिला कधीच मिळणार नव्हता. दाखल्याशिवाय कापली तर तो खून. त्यांनी तिचं अन्न मोजून तिची वाढ थांबवली, पडदे बदलले आणि कोश दालनाच्या टोकाला हलवला. तिथं असे आणखी काही होते. त्या भागाला कर्मचारी 'कायमचे' म्हणायचे.

सन्मती रोज जायचा. सौदे आटोपले की हात धुऊन मोटारसायकलवर तिकडेच. काचेवर बोटं टेकवून उभा राहायचा. कर्मचारी मग काचेवरचे पिवळे ठसे पुसायचे आणि कुरकुरायचे. आज पाय हलवला, आज मूठ वळली, असं घरी येऊन मला सांगायचा. त्या हालचाली मेंदूच्या देठातून येतात, बेडकाचा पाय जसा आपोआप आखडतो तशा, हे मी त्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा समजावताना मला माझीच लाज वाटली. तिचं नाव काय ठेवायचं हे आम्ही बोललो नाही. नाव बारशाला ठेवतात आणि बारसं जन्मल्यावर करतात.

मी महिन्यातून एकदा जायचे. मला तिथं उभं राहवायचं नाही. तिच्यावर माया नव्हती असं नाही. मला ती माया तिथं ठेवायला जागाच दिसायची नाही. जी कधी झोपली नाही आणि कधी जागी झाली नाही, तिच्याकडे बघून मला एकच वाटायचं, की हिला कुणीतरी जाऊ द्यावं.

घरात आम्ही सभ्यपणे वागायचो. तो ताट वाढायचा, मी भांडी लावायचे, जेवायला मात्र एकत्र बसायचो नाही. एका पलंगावर झोपायचो आणि मध्ये एक माणूस झोपेल एवढी जागा असायची.

दुसऱ्या वर्षी पुण्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, ऋजुताचा, फोन आला. सहज म्हणून बोलत होती आणि मध्येच म्हणाली, "ताई, मी ऑपरेशन करून घेतलं. कायमचं."

"अगं, तुझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

"आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणींनी केलंय. राग नको मानूस. तुझं बघितल्यावर मला रात्री झोप लागेना."

मी रागावले नाही. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांची मला आठवण झाली. ज्यांनी पोरं जन्मावीत म्हणून हा कायदा केला त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं, पण त्यांना आकडे रोज कळतच असणार.

*

आक्का तोवर केंद्रात कधी आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. मला वाटायचं, आपल्या लेकानं आपली शिकवण पाळली याचा त्यांना अभिमान आहे आणि मला तोंड द्यायला नको म्हणून टाळतात. एका सकाळी देवदर्शन करून आल्या आणि म्हणाल्या, "मला बी घेऊन चला की एकदा. नात हाय माझी."

मी नेलं. खुर्ची मागवली. आक्का कोशासमोर बसल्या, पदर सारखा केला आणि बघत राहिल्या. नजर हलवली नाही. मग तिथल्या परिचारिकेला जवळ बोलावलं.

"हिला दुखतंय का गं?"

"नाही आजी. दुखणं जिथं कळतं तो भागच नाही."

"भूक?"

"तेही नाही."

"आपण आलोय, हे?"

परिचारिकेनं माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"आणि कधीवर ठेवायचं असं?"

"यंत्र चालेल तोवर. आमच्यानंतर दुसऱ्या येतील." मग जरा थांबून ती म्हणाली, "आई-वडिलांनंतर पालक म्हणून कुणाचं तरी नाव घालावं लागतं, आजी. तुम्ही एकदा विचारून घ्या."

आक्का उठल्या.  घरी आल्यावर त्यांनी सन्मतीला पेठेतून बोलावून घेतलं. सौदे चालू असताना त्याला बोलवायचं धाडस त्यांच्याशिवाय कुणी केलं नसतं.

तो दारात चपला काढत होता तेव्हाच त्यांनी सुरुवात केली. "तुझे वडील गेले तेव्हा तू इथंच होतास न्हवं?"

"होय, आक्का."

मामंजींचा आजार बरा होणारा नव्हता. मुनिमहाराजांच्या सांगण्यानं, सगळ्यांची क्षमा मागून, त्यांनी एकेक करत अन्न सोडलं आणि मग पाणीही. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. शेवटचा पाण्याचा पेला आक्कांनी स्वतः उचलून बाजूला ठेवला होता, हे घरात सगळे आदरानं सांगतात.

"मला काय ते नको होते? चाळीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर. पण मी धरून ठेवलं न्हाई. आपल्याला सोडायचं शिकवलंय, सन्मती. धरून ठेवायचं कुणी शिकवलं तुला?"

"मी धरलेलं नाही. मी फक्त खरं बोललो."

"व्हय. आणि तुझ्या खऱ्यापायी ती पोर तिथं टांगून पडलीय. तिला मरता येईना आणि दुसरा जन्म बी घेता येईना."

सन्मती खाली बसला.  

"विधान मागे घेता येत नाही, आक्का," तो म्हणाला. "मी वकिलांना विचारलंय. ते तेव्हाच खोटं होतं असं कबूल केलं तरच रद्द होतं. म्हणजे मी शपथेवर खोटं बोललो असं म्हणायचं. तुरुंगात जावं लागेल."

वकिलांना विचारलंय. मी चमकले. हा मला न सांगता वकिलाकडे जाऊन आला होता. न सांगणं त्याच्या लेखी खोटं नव्हतं, बहुधा.

"मग म्हण," आक्का म्हणाल्या.

"पण ते खोटं असेल. मी तेव्हा खरंच बोललो होतो."

"मला ठाऊक हाय. पाप लागंल. लागू दे. तिच्यासाठी पाप बापानं न्हाई घ्यायचं तर कुणी घ्यायचं?"

दोन वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. त्यानं एक खोटं बोलावं म्हणून मी त्याच्यापासून अंतर राखून होते. आता त्यानं आईपुढे मान डोलावली, तो बोलायला तयार होता. पेठेत त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, फक्त त्याचा शब्द होता. तोच तो मोडायला निघाला होता, कांडी मोडावी तसा.

"नको," मी म्हणाले. आक्कांसमोर अहो म्हणायचंही विसरले. "सन्मती, नको करूस."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुला हेच हवं होतं ना?"

"हवं होतं. आता भीती वाटते."

"मलाही," तो म्हणाला.

*

दुसऱ्या सुनावणीला त्याच अध्यक्षबाई होत्या. त्यांना सन्मती आठवत होता. पाणी गाळण्याचं ते उदाहरण आपण इतरांनाही सांगितलं, असं त्या आधी म्हणाल्या. मग वकिलांनी अर्ज काय आहे ते सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तुम्ही तेव्हा खोटं बोललात?"

"होय."

"तुम्ही त्यात जीव मानत नव्हता?"

"नाही."

"मग तसं का सांगितलंत?"

खोटं बोलायला शिकलेला माणूस कारण तयार ठेवतो. सन्मतीनं ठेवलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. तो थांबला. त्याचं कपाळ घामानं चमकत होतं आणि मला वाटलं, संपलं, आता हा खरं बोलून टाकणार.

"पेठेत मला लोक सत्यवादी म्हणतात," तो हळू म्हणाला. "त्यावरच माझं पोट चालतं. जीव नाही असं म्हटलं असतं तर समाजात काय तोंड दाखवलं असतं? म्हणून ते पाण्याचं वगैरे बोललो. लोकांत नाव राहावं म्हणून. मी पाणी गाळतो ते लोकांनी बघावं म्हणून."

मी खुर्चीच्या हाताला धरून बसले होते. हा माणूस घरात एकटा असतानाही नळाला फडकं बांधतो, प्रवासात तहान मारतो. उभं राहून सांगावं की हा खोटं बोलतोय, त्याच्या आयुष्यातलं हे पहिलंच खोटं आहे आणि मी त्याची साक्षीदार आहे, असं मला इतकं तीव्रतेनं वाटलं की माझे पाय हलले. मी बसून राहिले.

अध्यक्षबाईंनी विश्वास ठेवला. अशा कारणावर कोणीही ठेवेल. पहिल्या वेळी त्या त्याच्याकडे जशा बघत होत्या तशा आता बघत नव्हत्या.

"दोन वर्षं, चौगुले. तुमच्या प्रतिष्ठेसाठी त्या यंत्रात दोन वर्षं."

"होय, मॅडम," तो म्हणाला.

*

नाळ कापायला केंद्रानं पहाटेची वेळ दिली. सन्मती जामिनावर होता आणि दाराशी एक हवालदार उभा होता, जो सारखा दुसरीकडे बघत होता. डॉक्टर इनामदार आल्या. त्यांनी आधी माझ्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग बंद केलं. त्या गजबजलेल्या दालनातून माझा आवाज वजा झाला आणि मला एकदम हलकं आणि एकटं वाटलं.

नाळ कापून तिला दुपट्यात घेतलं. आक्कांनी शिवलेल्या सुती टोपीत तिचं डोकं झाकलं. वजन होतं, हे मला अनपेक्षित होतं. इतके दिवस पाण्यात तरंगताना बघितलेली, हातात घेतल्यावर ती जड होती. तिनं एक श्वास घेतला, मग थांबून आणखी काही. मी तिला सन्मतीकडे दिलं. त्यानं हात इतके घासून धुतले होते की कातडी लाल झाली होती, तरी दुपट्याला पिवळं लागलंच.

आक्का खुर्चीवरून पुढे वाकल्या आणि तिच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणायला लागल्या. जाणाऱ्या माणसाच्या कानात म्हणतात तसा, सावकाश, एकेक पद स्पष्ट. दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. आक्कांनी तिसऱ्यांदाही पूर्ण म्हटला.

"नाव काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं. जन्म झाला होता, त्यामुळे आता नाव लागत होतं.

"चंदना," सन्मती म्हणाला. लगेच म्हणाला. दोन वर्षं तो तिला काचेतून याच नावानं हाक मारत होता, हे मला तेव्हा कळलं.

*

त्याला वर्षाची शिक्षा झाली. त्यानंतर लवकरच कायद्यातला तो अपवाद काढून टाकला. अशी खोटी विधानं करणाऱ्यांना चाप बसावा म्हणून, असं विधानसभेत सांगितलं गेलं. 'कायमचे' भागासाठी आता वेगळी इमारत बांधतायत. आमच्या शाळेत यंदा आठवीला प्रवेशच झाले नाहीत.

सन्मती सुटून आल्यावर चार दिवस घरात बसला आणि मग पेठेत गेला. प्रतवारीचा परवाना गेला होता, पण जुन्या एका व्यापाऱ्यानं नुसता बसायला ये म्हणून निरोप दिला होता. संध्याकाळी आला, हात-पाय धुतले, पाण्याच्या नळाचं फडकं काढून स्वच्छ करून पुन्हा बांधलं.

"कसं झालं?" मी विचारलं.

"माल बघितला. कांडी मोडली. म्हटलं, चांगली आहे. त्यांनी माझ्या हातातून कांडी घेतली आणि यंत्राखाली धरली."

"मग?"

"मग मी म्हणालो, बरोबर करताय. मला शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा झालीय, खात्री केलेली बरी." तो जरा हसला. "हे खरं होतं ना. शिक्षा झालीय हे तर खरंच आहे."

आक्का देवळात होत्या. घरात आम्ही दोघंच. इतक्या दिवसांत जे विचारायचं धैर्य झालं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. खरं तर उत्तर मला माहीत होतं. पण ते त्याला एकट्याला सांभाळायला लागू नये, असं वाटलं.

"सन्मती, तिच्यात जीव होता का?"

त्यानं टॉवेल खुंटीला अडकवला आणि माझ्याकडे वळला.

"होता," तो म्हणाला.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. अंधार पडायच्या आत जेवायचं असतं आमच्यात. मी त्याचं पान वाढलं आणि या वेळी माझंही त्याच्या शेजारी वाढून घेतलं.